स्थळांचे गणित

बी.कॉम.ला आम्हांला अर्थशास्त्र होते. त्यात गहू होता, कापड होते, मागणी-पुरवठा होता, लग्न नव्हते. ते पुढे स्वखर्चाने शिकावे लागले.

अर्थशास्त्रातले लग्न सापडले ते डेव्हिड गेल आणि लॉइड शेप्ली या दोन अमेरिकन गणितज्ञांच्या १९६२ सालच्या सात पानी लेखात. मुले आणि मुली सारख्याच. प्रत्येकाच्या मनात पसंतीची यादी. जोड्या अशा लावायच्या की नंतर कोणत्याही दोन परक्यांना एकाच वेळी 'आपापल्यापेक्षा हेच बरे' वाटू नये. एकालाच वाटले तर चालेल. (तेवढे कुणाला वाटत नाही?)

उपाय सोपा. प्रत्येक मुलाने यादीतल्या पहिल्या मुलीला विचारायचे. तिने आलेल्यांतला बरा तो ठेवून घ्यायचा, पण 'हो' म्हणायचे नाही. आमच्या भाषेत सस्पेन्स खाते. नकार मिळालेल्याने यादीतले पुढचे दार ठोठवायचे. अधिक चांगला आला, की आधीच्याला नारळ. विचारणारे संपले की सगळी खाती पक्की.

गंमत पुढेच आहे. या पद्धतीत विचारणाऱ्याला टिकाऊ जोड्यांतले सर्वांत चांगले स्थळ मिळते आणि वाट पाहणारीला त्यांतले सर्वांत खालचे. नकार देण्याचा रुबाब तिचा, फायदा त्याचा! अमेरिकेत शिकाऊ डॉक्टरांना रुग्णालये नेमून देताना १९५२ पासून बहुतेक हीच रीत होती आणि विचारणारी होती रुग्णालये. १९९८ पासून ती बाजू डॉक्टरांकडे आली. हे ज्यांनी घडवले, त्या ॲल्विन रॉथ यांना शेप्लींबरोबर २०१२ चे नोबेल मिळाले. गेल तोवर हयात नव्हते.

आता आपल्याकडे बघा. पत्रिका घेऊन जोडे झिजवायचा तो मुलीचा बाप. म्हणजे विचारणारी बाजू मुलीची आणि फायदाही तिचाच! माझ्या तीन आत्यांच्या बाबतीत तसे काही आढळले नाही. कारण गेल-शेप्लींच्या यादीत 'देण्याघेण्याचे काय?' हा रकानाच नाही. आपला हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, त्यांचा लेख १९६२ चा. कागदावर दोन्हीकडे रुपयाही नाही. आजोबांच्या चोपडीत मात्र कायद्यानंतरही तिन्ही आत्यांपुढे आकडे आहेत. सर्वांत मोठा धाकटीपुढे. ती सावळी होती.

परवा ते पान तिला दाखवले. चष्मा लावून तिने आकडा दोनदा वाचला.

"तू बँकेतला ना रे," ती म्हणाली, "मग आजवरचं व्याज लावून दे. ह्यांना दाखवते."