विधवेचा तिसरा हिस्सा

पती निवर्तला की चाळिसाव्याच्या आत घरातील कर्ती माणसे विधवेपुढे हक्कसोडपत्र ठेवतात. ती माउली मुकाट्याने सही करते. आपण कशावर पाणी सोडले, हे तिला क्वचितच उमगते.

तिच्या हिश्श्याची कुळकथा जुनी आहे. इंग्लंडमध्ये १६७० च्या कायद्याने, मृत्युपत्रावाचून वारलेल्या पतीच्या जंगम मालमत्तेचा तिसरा हिस्सा विधवेस मिळू लागला. मुले नसल्यास निम्मा. जमीन मात्र थोरल्या मुलाकडे जाई. १८६५ च्या भारतीय वारसा कायद्याने हे प्रमाण स्थूलमानाने स्वीकारले, पण जंगम व स्थावर हा भेद ठेवला नाही. १९२५ च्या कायद्यात तेच कलम ३३ झाले. उरलेले दोन हिस्से मुलगे व मुली यांना समसमान. विधुरालाही हाच नियम लागू आहे.

त्रावणकोरात मात्र १९१६ च्या कायद्यान्वये ख्रिस्ती विधवेला केवळ हयातीपुरता उपभोग होता. पुनर्विवाह करताच तोही संपे. मेरी रॉय यांच्या दाव्यात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने तेथेही १९२५ चाच कायदा लागू असल्याचा निर्वाळा दिला. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने, वेगळा विवाहपूर्व करार नसल्यास, पत्नी संसाराच्या निम्म्या मालमत्तेची मालकीणच असते.

मृत्युपत्र शाबीत करण्यासाठी प्रोबेटची सक्ती भारतीय ख्रिस्ती लोकांपुरती २००२ मध्ये उठली. तेव्हा पतीने हयातीतच मृत्युपत्र करावे. आणि विधवेने कागद वाचल्याशिवाय सही करू नये. तिसरा हिस्सा ही मुलांची मेहेरबानी नव्हे, तो तिचा हक्क आहे.