कीझबेरींचा छापखाना

1849 साली सिंगापूरच्या मिशन प्रेसमधून शिळेवर छापलेले एक मलय आत्मचरित्र बाहेर पडले. नाव 'हिकायत अब्दुल्ला'. लेखक मुन्शी अब्दुल्ला बिन अब्दुल कादिर, एकेकाळी सिंगापूर वसवणाऱ्या रॅफल्सचे लेखनिक, धर्माने मुसलमान. छापणारे बेंजामिन कीझबेरी, ख्रिस्ती मिशनरी. नोकरीधंदा सांभाळून आपली श्रद्धा इतरांपर्यंत कशी न्यावी, हा ख्रिस्ती मंडळींचा प्रश्न सिंगापुरात निदान पावणेदोनशे वर्षे जुना आहे, आणि त्याची नोंद कीझबेरींच्या छापखान्यात सापडते.

कीझबेरींचा जन्म 1805 सालचा, आपल्याकडच्या हैदराबादचा. वडील लष्करी अधिकारी. तरुणपणी ते जावा बेटावर बटाव्हियात पोचले आणि तिथे मेडहर्स्ट या मिशनऱ्याच्या हाताखाली छपाई शिकले. आता अब्दुल्लांचे पुस्तक उघडावे. मलाक्यात असताना खिळे जुळवायला आपल्याला मेडहर्स्टनेच शिकवले, असे ते सांगतात. म्हणजे पुढे एकाच छापखान्यात काम करणारे हे दोघे एकाच गुरूचे चेले. मला हा दुवा फार मोलाचा वाटतो, कारण दोघांचे नाते धर्माच्या वादातून जुळले नाही, ते कामातून जुळले.

कीझबेरी 1837 मध्ये अमेरिकन बोर्डातर्फे सिंगापूरला आले आणि 1839 मध्ये लंडन मिशनरी सोसायटीत गेले. अमेरिकन बोर्ड म्हणजे मुंबईत मराठी मिशन चालवणारी तीच संस्था. सिंगापुरात या बोर्डाने 1834 मध्ये एक छापखाना विकत घेतला होता. बोर्डाचे आल्फ्रेड नॉर्थ तिथे काम करीत, आणि तुम्ही आपली जीवनकथा लिहाच, असा आग्रह अब्दुल्लांना त्यांनीच केला.

मग चीनची बंदरे उघडली. 1842 च्या नानकिंग तहानंतर मिशनांचे लक्ष तिकडे लागले आणि 1847 च्या सुमारास लंडन सोसायटीने सिंगापूर सोडले. कीझबेरींनी मात्र राजीनामा दिला आणि ते तिथेच राहिले. आता पगार नव्हता. घरखर्च, मलय मुलांची शाळा आणि 1843 मध्ये प्रिन्सेप रस्त्यावर बांधलेले मलय चर्च, हे सगळे छापखान्याच्या कमाईवर चालवायचे होते. शाळेतली मुले वाचन-लेखनाबरोबर छपाई आणि पुस्तकबांधणी शिकत.

शिळाप्रेसचे काम चिकाटीचे. तेलकट शाईने लिहिलेला मजकूर गुळगुळीत चुनखडी दगडावर उतरवायचा, दगड ओला करायचा, त्यावर शाईचा रूळ फिरवायचा. पाणी कोऱ्या जागी शाई धरू देत नाही, अक्षरांवर मात्र ती बसते. मलय भाषेच्या जावी लिपीची जोडून येणारी अक्षरे खिळ्यांत बसवणे जिकिरीचे, पण शिळेवर सुलेखकाचे वळण जसेच्या तसे उतरते. त्यामुळे मलय वाचकाला ते पान परके वाटत नसे. शुभवर्तमानाची मलय भाषांतरे आणि शाळेची पुस्तके याच छापखान्यातून निघत. कीझबेरींच्या भाषांतरात अब्दुल्लांची मदत होती. लोक त्यांना 'अब्दुल्ला पाद्री' म्हणून चिडवत.

आणि तरी अब्दुल्ला ख्रिस्ती झाले नाहीत. 1854 मध्ये हजला गेले असताना अरबस्तानात त्यांचा अंत झाला. कीझबेरींच्या तेलोक ब्लांगाच्या शाळेत शिकलेला एक मुलगा, अबू बकर, पुढे जोहोरचा सुलतान झाला. तोही मुसलमानच राहिला.

हुन्नर म्हणजे धर्मांतराचे आमिष, हा आरोप आपल्याकडे नेहमी होतो. तो प्रत्येक ठिकाणी खोटा आहे असे मी म्हणणार नाही. पण या कागदांवर तो टिकत नाही. आमिष असते तर धर्म बदलत नाही असे दिसताच ते काढून घेतले गेले असते. इथे अब्दुल्लांनी धर्म बदलला नाही, आणि त्यांचे चरित्र मिशनच्याच शिळेवर छापले गेले. कीझबेरींनी आपली श्रद्धा लपवली नाही, चर्चमध्ये मलय भाषेत ते ती उघडपणे सांगत राहिले.

मुंबईतही हेच दिसते. जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. तिथे ते अक्षरे पाडण्याच्या कामात तयार झाले आणि पुढे त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला. मिशनमध्ये शिकलेल्या हातांनी भारतभरच्या पंडितांना शुद्ध संस्कृत ग्रंथ पुरवले. यात मिशनचा पराभव झाला असे मला वाटत नाही. जे मनापासून शिकवले, ते शिकणाऱ्याचे झाले.

1875 मध्ये प्रिन्सेप रस्त्यावरच्या चर्चमध्ये उपदेश करीत असतानाच कीझबेरींना मृत्यू आला. छापखाना पुढे जॉन फ्रेझर यांनी घेतला आणि डेव्हिड नीव्ह त्यांचे भागीदार झाले. 1883 मध्ये या दोघांनी सोडावॉटरचा धंदा काढला. फ्रेझर अँड नीव्ह ही कंपनी त्यातूनच उभी राहिली. चर्चची आजची इमारत 1930 च्या सुमाराची आहे आणि तिथे अजून उपासना भरते.