पंधरा डॉलरचा हातोडा

कोड लिहिण्यापेक्षा रिक्वायरमेंट वाचण्यातच माझे जास्त दिवस जातात. त्यामुळे अमेरिकी सैन्यानं फ्रूटकेकसाठी १८ पानांचं स्पेसिफिकेशन केलं होतं, हे वाचून मला हसू कमी आलं, ओळखीचं जास्त वाटलं. कागदाला रीतसर नंबरही होता: मिल-एफ-१४९९.

तिथल्या नागरी सरकारचा ॲशट्रे तर याच्याही पुढचा. हातोड्यानं फोडला तर त्याचे ३५ पेक्षा जास्त तुकडे होता कामा नयेत, अशी अट होती. १९९३ मध्ये उपाध्यक्ष अल गोर यांनी टीव्हीवर, डेव्हिड लेटरमनच्या शोमध्ये, गॉगल लावून तो फोडून दाखवला.

पण हे नियम कुणा येड्यानं बसून लिहिलेले नव्हते. अमेरिकी यादवी युद्धात ठेकेदारांनी चिंध्यांच्या लोकरीचे गणवेश सैन्याच्या गळ्यात मारले, तेव्हा लिंकनच्या काळात, १८६३ मध्ये, खोट्या बिलांविरुद्ध कायदा झाला. १९६२ च्या कायद्यानं मोठ्या कंत्राटांत कंपनीला आपला खरा खर्च उघड करून, तो बरोबर आहे असं लिहून देणं भाग पाडलं. म्हणजे प्रत्येक कलमामागे कुणीतरी केलेली फसवणूक. आमच्याकडे जुन्या कोडमध्ये विचित्र 'इफ' दिसला की सीनियर सांगतात, काढू नकोस, कधीतरी काहीतरी फुटलं असणार. तसंच हे.

मग तो ४३५ डॉलरचा हातोडा? १९८३ सालची ही बातमी आजही मीमसारखी फिरते. हातोडा खरं तर १५ डॉलरचा होता. कंत्राटात ढीगभर सुटे भाग होते आणि ठेकेदारानं वरचा खर्च प्रत्येक वस्तूवर सारखा वाटला होता, नगामागे ४२०. महागड्या यंत्रावरही तेवढेच चढले, ते कुणाला खुपलं नाही. हातोडा मात्र बदनाम झाला. चोरीपेक्षा हा हिशेबाच्या पद्धतीचा घोळ होता.

ह्युलेट-पॅकार्डचे संस्थापक डेव्हिड पॅकार्ड यांच्या आयोगानं १९८६ मध्ये सांगितलं, बाजारात तयार मिळतं ते सरळ विकत घ्या. ते पटायला आखाती युद्ध यावं लागलं. सैन्याचे जीपीएस रिसीव्हर कमी पडले, म्हणून नागरी रिसीव्हर घेतले. नागरी सिग्नल तर सैन्यानंच मुद्दाम बिघडवून ठेवलेला. आपल्याच सैनिकांना वाट सापडावी म्हणून युद्धकाळात ती बिघाड-योजना बंद करावी लागली! तोवर चिप आणि संगणकांत बाजार सैन्याच्या पुढे निघून गेला होता.

२९ जून १९९४ रोजी संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी आदेश काढला: लष्करी स्पेसिफिकेशन हा शेवटचा पर्याय, आणि वापरायचं तर आधी सूट मागा. पेरी गणितातले पीएचडी, सिलिकॉन व्हॅलीत कंपनी काढलेले. त्याच ऑक्टोबरात खरेदी सोपी करणारा कायदा आला. वस्तू 'व्यावसायिक' ठरली की खर्चाचा तपशील द्यायची सक्ती नाही. तर्क साधा आणि मला पटणारा: गिऱ्हाइकं अनेक असली की भाव बाजारच ताळ्यावर ठेवतो.

आता व्याख्या बघा. सर्वसामान्य लोक वापरतात 'त्या प्रकारची' वस्तू, जी विकली गेली आहे किंवा विक्रीसाठी नुसती देऊ केली आहे. प्रत्यक्ष एकही विकली गेली पाहिजे असं नाही. असा व्हॅलिडेशन चेक मी लिहिला असता तर कोड रिव्ह्यूमध्येच मार खाल्ला असता.

या फटीतून चक्क विमान गेलं. सी-१३०जे हर्क्युलिस, आपल्या हवाई दलाकडेही आहे ते. अमेरिकी हवाई दलानं ते व्यावसायिक वस्तू म्हणून घेतलं, कारण त्याच्या जुन्या पिढीची नागरी आवृत्ती होती. नव्या 'जे'ला तेव्हा नागरी गिऱ्हाईक नव्हतं. म्हणजे भाव ताळ्यावर ठेवणारा बाजारच नाही, आणि खर्चाचा तपशील मागायचा हक्क सैन्यानं आधीच सोडलेला. २००४ मध्ये संरक्षण खात्याच्याच महानिरीक्षकांनी ही पद्धत असमर्थनीय ठरवली, सिनेटर जॉन मॅकेन मागे लागले, आणि २००६ मध्ये कंत्राट पुन्हा जुन्या पद्धतीवर आणलं गेलं.

२०२१ च्या शेवटी नियमांत 'व्यावसायिक वस्तू'चे दोन भाग झाले, उत्पादन आणि सेवा. 'त्या प्रकारची' हे शब्द तसेच राहिले.