नगरचे रणगाडे आणि हैदराबादचा एक स्वार

विद्यार्थी मित्रांनो, सहलीला नगरला (आताचे अहिल्यानगर) गेलात तर भुईकोट किल्ल्याबरोबर तेथील रणगाडा संग्रहालयही पाहा. ते लष्कराने १९९४ साली उभारले. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश, जर्मन, जपानी वाहनांबरोबर १९६५ च्या युद्धातला पॅटनही तेथे आहे.

पॅटन म्हटले की आपल्याला परमवीर अब्दुल हमीद आठवतात, आणि ते योग्यच. पण आणखी एक नाव आपल्या मुलखाशी जोडलेले आहे : लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर.

तारापोर पारशी. नोकरी मात्र निजामाच्या फौजेत. आपला परभणी जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता. एकदा सरावात एका शिपायाकडून हातबॉम्ब नीट फेकला गेला नाही. तारापोरांनी झेप घेऊन तो दूर भिरकावला, पण त्याचे तुकडे त्यांच्या छातीत घुसले. सेनापती सय्यद अहमद अल-इद्रूस यांनी शाबासकी दिली, तेव्हा तारापोरांनी मागितली ती हैदराबाद लान्सर्समध्ये बदली.

सप्टेंबर १९४८ मध्ये याच अल-इद्रूस यांनी जनरल चौधरींपुढे शस्त्रे ठेवली. त्या दिवसांविषयी आपल्या घरांतून अजूनही हलक्या आवाजातच बोलतात. पुढे तारापोर भारतीय सैन्याच्या पूना हॉर्समध्ये आले. १९६५ साली, चौधरीच लष्करप्रमुख असताना, सियालकोट आघाडीवर जखमी होऊनही ते मागे हटले नाहीत. त्यांच्या रेजिमेंटने सुमारे ६० रणगाडे निकामी केले, स्वतःचे ९ गमावले. १६ सप्टेंबरला तारापोर धारातीर्थी पडले. त्यांच्याच इच्छेनुसार त्यांचे दहन रणभूमीवर झाले.