घोड्याने घेतलेली परीक्षा

श्रोतेहो, फळ्यापाशी उभं राहिलेलं पोर उत्तर देताना कुठं बघतं, हे तुम्ही कधी न्याहाळलंय? पुष्कळदा ते गुरुजींच्या तोंडाकडे बघतं. ‘सात’ म्हणताच गुरुजींच्या कपाळाला आठी पडली, की लगेच ‘नाही, आठ!’ उत्तर बरोबर आलं खरं. पण ते येत होतं कुणाला, पोराला की गुरुजींना? हाच प्रश्न मानसशास्त्रापुढे एका घोड्याने ठेवला. त्या घोड्याची ही हकीकत.

बर्लिन शहरात विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे गणिताचे एक निवृत्त शिक्षक राहत असत. आपल्या हान्स नावाच्या घोड्याला त्यांनी सुमारे चार वर्षे एखाद्या विद्यार्थ्यासारखे शिकवले. बेरीज विचारा, अपूर्णांक विचारा, तारीख विचारा. हान्स खूर आपटून उत्तर देई. १९०४ साली त्याची कीर्ती सर्वत्र पसरली. बरं, लबाडी म्हणावी, तर मालक बाजूला नसतानाही परक्याच्या प्रश्नाला तो बरोबर उत्तर देई! त्याच वर्षी जाणत्यांच्या एका मंडळाने पाहणी केली. प्राध्यापक कार्ल श्टुम्फ त्यात होते, सर्कसचा चालकही होता. लबाडी कुणालाच आढळली नाही.

मग श्टुम्फ यांचे विद्यार्थी ओस्कार फुंग्स्ट पुढे झाले. त्यांनी वाद घातला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीचे सारे तसेच ठेवायचे, एवढाच नेम धरला. आकडा लिहिलेले पत्र घोड्याला दाखवायचे. कधी दाखवणाऱ्याला तो आकडा ठाऊक असे, कधी नसे. ठाऊक असला, की शंभरात नव्वदांहून अधिक उत्तरे बरोबर. ठाऊक नसला, की दहासुद्धा नाहीत! विचारणारा दिसू नये म्हणून झापडे लावली, तेव्हाही घोडा चुकू लागला.

गोम माणसात होती. प्रश्न संपला, की विचारणारा खुराकडे बघायला नकळत किंचित वाके. घोडा आपटू लागे. बरोबर आकडा आला, की त्याचे डोके केसभर वर उचलले जाई, घोडा थांबे. फुंग्स्ट यांना हे उमगल्यावरही स्वतःची मान आवरेना. मग ते स्वतःच घोडा झाले! पंचवीस माणसांना मनात आकडा धरायला सांगून ते हाताने टकटक करीत. बहुतेकांच्या मानेने उत्तर फोडले. १९०७ साली त्यांनी हे सारे पुस्तकात मांडले.

फॉन ओस्टेन यांना हा निकाल मानवला नाही. १९०९ साली ते वारले. त्यांनी कुणाला फसवले नव्हते, हे विसरू नका. प्रामाणिक माणूसही आपल्या अपेक्षेने स्वतः फसतो. म्हणून आज नव्या औषधाची पारख करताना शक्य तिथे, खरे औषध कुणाला आणि नुसती गोळी कुणाला, हे रोग्यालाही सांगत नाहीत आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. याला दुहेरी अंध चाचणी म्हणतात.

पुढे १९६३ साली अमेरिकेत रोझेन्थाल आणि फोड यांनी विद्यार्थ्यांना उंदीर वाटले. काहींना सांगितले, ‘हे हुशार वाणाचे’. काहींना, ‘हे मठ्ठ वाणाचे’. उंदीर सारे सारखेच होते. तरी ‘हुशार’ उंदीर लवकर शिकल्याचे आढळले. १९६८ साली रोझेन्थाल आणि जेकबसन यांनी शाळेतल्या मुलांविषयीही असेच मांडले. तिथे हा परिणाम नेमका किती, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. पण त्या प्रश्नाने शिक्षकांना विचार करायला लावले.

तेव्हा गुरुजी, बाई, एक करून बघा. उत्तर ऐकताना नजर खिडकीबाहेर ठेवा. वह्या तपासताना नावावर कागद ठेवा, गुण द्या आणि मगच नाव बघा. ज्याला वर्षभर ‘ढ’ म्हणत आलो, त्याची वही त्या कागदाखाली कदाचित वेगळीच निघेल.