गवतपट्टी

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर गोल्फची एक फेरी खेळायला 2024 च्या हंगामात 320 पौंड पडत होते. तेव्हाच्या दराने हे 33-34 हजार रुपये झाले. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचला तर 600 डॉलरही पुरत नाहीत. चार-साडेचार तास हिरवळीवरून चालण्याच्या आणि एक पांढरा चेंडू अठरा भोकांत घालण्याच्या या मोबदल्याला इंग्रजीत ‘ग्रीन फी’ म्हणतात. आपल्या जुन्या महसुली भाषेत तिला गवतपट्टी म्हणता येईल. एवढा पैसा द्यावा का, हा प्रश्न खान्देशात बसून विचारणे विनोदी वाटेल. जळगाव-धुळ्याकडे गोल्फचे नाव घेण्यासारखे मैदान नाही, आणि चांगला पाऊस झालेले वर्ष सोडले तर डिसेंबरनंतर हिरवे गवतही फारसे नाही. पण गवतावर पाय ठेवण्याचा पैसा कोणी, कोणाला आणि कशासाठी द्यायचा, या वादात खान्देशाइतका मुरलेला मुलूख शोधूनच काढावा लागेल. त्या वादातून निघणारी कसोटी गोल्फच्या मैदानालाही लावता येते, असे माझे म्हणणे आहे. पट्टी किती, हा त्यातला दुय्यम प्रश्न. त्या पट्टीने कुंपण उंच होते की गवत सर्वांचे राहते, हे आधी पाहायचे.

ज्या भागाच्या बोलीचे नावच अहिर या गुराख्यांच्या नावावरून पडले आहे, तिथे गवत हा पहिल्यापासून गंभीर विषय असणार. अहिराणी बोलणाऱ्या या पट्ट्यात तापी, गिरणा आणि पांझरेच्या काठची काळी जमीन नांगराखाली, तर सातपुड्याचा पायथा आणि साक्रीकडचा डोंगराळ भाग गुरांखाली, अशी जुनी वाटणी होती. मराठा अमदानीतल्या करांच्या याद्यांत वनचराई आहे, शिंगशिंगोटी आहे, म्हैसपट्टी आहे. वनचराई रानात चरण्याबद्दल, शिंगशिंगोटी जनावरामागे. त्याच काळातली घासदाणा ही वसुली तर नावापासूनच गवताची. फौजेच्या घोड्यांसाठी घास आणि दाणा द्या, नाहीतर फौज तो स्वतः घेईल, असा तिचा सरळ अर्थ. म्हणजे गवत फुकट होते आणि इंग्रजांनी येऊन त्याला किंमत लावली, हे आपल्याकडचे आवडते चित्र खरे नाही. पैसा आधीही द्यावा लागे. फरक इतकाच की वनचराई भरली की रान मोकळे असे. त्या कराने रानाची मालकी बदलत नव्हती, आणि जो भरत होता त्याला ‘तू इथला नाहीस’ असे कोणी सांगत नव्हते.

1818 मध्ये खान्देश इंग्रजांकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला ठाणे केले, 1825 मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी करायला घेतली. त्या काळी इथल्या साहेबांना गोल्फची गरजच नव्हती. त्यांचा खेळ गवतात दडलेल्या वाघाचा होता, आणि आउट्रमचे नाव त्यातही गाजले. खरा पालट पुढे झाला. 1871 चा जनावरांच्या अतिक्रमणाचा कायदा आला आणि कोंडवाडा हा शब्द गावोगावी घट्ट रुजला. 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगल नावाची गोष्ट पक्की केली. आता चराई भरून पास घ्यायचा, ठरलेल्या हद्दीत आणि ठरलेल्या काळातच जनावर न्यायचे. हद्द चुकली तर जनावर कोंडवाड्यात आणि दंड वेगळा. 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना जोतीराव फुल्यांनी जंगलखात्याने डोंगर आणि गायराने गिळल्याची तक्रार मांडली ती याच अनुभवावर. त्यांच्या तक्रारीत फीचा आकडा हे मूळ दुखणे नव्हते. जे गावाचे होते ते परवानगीचे झाले, हे दुखणे होते. 1930 च्या जंगल सत्याग्रहाची तऱ्हाही यावरूनच समजते. त्या जुलैत लोकनायक अण्यांनी पुसदला सरकारी राखीव रानातले गवत कापले आणि अटक करून घेतली. मीठ उचलणे जसे, तसेच गवत कापणे. आणि 1869 पर्यंत खान्देशातच मोडणाऱ्या बागलाणातही लोक त्या वर्षी जंगल कायद्याविरुद्ध उठले. मूठभर गवताची किंमत ती काय? पण विळा चालला तो किमतीवर नव्हता.

इथे एखादा म्हणेल की हे सगळे ‘फी नको’ या बाजूचे झाले. तसे नाही, आणि याचा पुरावाही खान्देशातच आहे. पांझरा आणि मोसमसारख्या नद्यांवरची फड पद्धत तीन-चारशे वर्षे चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली जमिनीचे फड, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. पाणी सोडायला पाटकरी, पिकावर नजर ठेवायला जागल्या, वर देखरेखीला हवालदार, आणि या सगळ्यांचा मोबदला शेतकऱ्यांनी मिळून द्यायचा, बहुतेक धान्याच्या रूपात. बंधाऱ्याला भगदाड पडले किंवा पाटात गाळ साचला तरी पदरमोड सर्वांनीच करायची. हीसुद्धा फीच होती, आणि फुकट तर मुळीच नव्हती. पण तिच्याबद्दल ‘ही परवडते का’ असा वाद पेटल्याचे दिसत नाही, कारण देणारा आणि मालक एकच होता. पाणी कमी आले तर कमी क्षेत्र भिजवायचे, पण ते सगळ्यांचेच थोडे थोडे. अशा ठिकाणी पट्टी वाढली तरी माणूस कुरकुरत का होईना भरतो, कारण ती कशात गेली हे त्याला पाटाच्या कडेला उभे राहून दिसते.

आता पुन्हा सेंट अँड्र्यूजकडे जाऊ. गंमत अशी की तिथला इतिहास ऐकला तर एखाद्या खान्देशी गावाच्या गायरानाची कैफियत ऐकल्यासारखे वाटते. समुद्रकाठची ती वाळवंटी गवताळ पट्टी शेतीला निरुपयोगी, म्हणून गावकीची. मेंढ्यांनी वाऱ्यापासून आडोसा घेत जे खड्डे केले तेच पुढे खेळातले बंकर झाले, असे सांगतात. 1552 मध्ये आर्चबिशप हॅमिल्टनने तिथे ससे पाळण्याचा हक्क घेतला, पण त्याच सनदेत गावकऱ्यांचा तिथे गोल्फ खेळण्याचा हक्क मान्य केला. पुढे नगरपालिका कर्जात बुडाली आणि 1797 मध्ये ते कुरण सशांचा धंदा करणाऱ्यांच्या हाती गेले. ससे बिळे पोखरू लागले, खेळणारे चिडले आणि भांडण वीसेक वर्षे चालले. 1821 मध्ये जेम्स चीप या खेळाची आवड असलेल्या जमीनदाराने ती जमीन घेतली तेव्हा कुठे ससे हटले. अखेर 1894 मध्ये पार्लमेंटच्या कायद्यान्वये गावाने ती परत विकत घेतली. 1974 पासून एक विश्वस्त संस्था तिथली मैदाने सांभाळते. बाहेरच्या पाहुण्याकडून 2024 मध्ये 320 पौंड घेतले जात होते, पण गावचा रहिवासी त्याच गवतावर वर्षभराच्या स्वस्त तिकिटावर खेळतो. पाहुण्यांचा नंबर बहुधा सोडतीने लागतो, कोण किती बडा यावरून नाही. रविवारी एरवी खेळ बंद असतो. त्या दिवशी जगातल्या सर्वांत मानाच्या गोल्फ मैदानावर गावातली माणसे कुत्री घेऊन फिरतात.

म्हणून त्या 33 हजारांबद्दल माझे मत असे, की ज्याला परवडते त्याने ते बिनदिक्कत द्यावेत. त्यात गवत आहे, पावणेपाचशे वर्षांपूर्वीच्या सनदेचा वारसा आहे, आणि आपल्या पैशावर तिथल्या गावकऱ्याचे मैदान चालते हेही आहे. ही फडाच्या जातीची पट्टी आहे. फक्त पाहुण्याला तिचा मोठा वाटा उचलावा लागतो, आणि ते रास्तच आहे.

आपल्याकडे आलेला गोल्फ मात्र दुसऱ्या वाटेने आला. कलकत्त्याला 1829 मध्ये आणि मुंबईला 1842 मध्ये साहेबांनी क्लब काढले, ते मेंढ्यांच्या वाटेने गावातून उगवलेले नव्हते. तिथे आधी कुंपण आले आणि मग गवत. 1918 मध्ये लॉर्ड विलिंग्डनच्या नावाने मुंबईत जो क्लब निघाला, त्यात हिंदी माणसाला गोऱ्याच्या बरोबरीने प्रवेश मिळाला ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. पण तो हिंदी माणूस संस्थानिक किंवा शेठ असायचा, पाटकरी नव्हे. 1927 मध्ये चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आला. स्वातंत्र्यानंतर सभासद बदलले, कुंपण राहिले. देशातले कित्येक जुने क्लब सरकारी जमिनीवर, जुन्या भाडेपट्ट्यांवर उभे आहेत. म्हणजे जमीन रयतेची आणि गवत सभासदांचे. अशा ठिकाणी सभासदाचा पाहुणा म्हणून भरलेली जबर फी ही गवताची किंमत नसते. आपण आत आहोत आणि बाकीचे बाहेर, याची ती पावती असते. तिचा संबंध वनचराईशी नाही, कोंडवाड्याशी आहे.

यावर पहिला आक्षेप देखभालीचा येतो, आणि तो खोटा नाही. अठरा भोकांच्या मैदानाला 50-60 हेक्टर जमीन लागते, रोजची कापणी लागते, माणसे लागतात आणि पाणी लागते. पण मैदान नामांकित असो वा साधे, गवत कापायला लागणाऱ्या माणसांत आणि डिझेलमध्ये दहापट फरक नसतो. फीमध्ये मात्र असतो, आणि तो मधला फरक नावाचा आहे. शिवाय पाण्याचा हिशेब फीमध्ये पुरता कधीच येत नाही. धुळे जिल्ह्यात वर्षाला 600 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रावेर-यावलचा केळीवाला ठिबकच्या नळीतून थेंब थेंब मोजतो, तेव्हा कुठे बाग उभी राहते. अशा मुलखात मे महिन्यात हिरवेगार गवत राखायचे तर त्याची खरी किंमत खेळणारा भरत नाही, ज्याच्या विहिरीची पातळी खाली जाते तो भरतो. स्कॉटलंडचे ते गवत बव्हंशी पावसावर वाढते, हाही फरक विसरू नये.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे. चराई हा पोटाचा प्रश्न होता, गोल्फ हा हौसेचा. हौसेला मोल नसते, आणि सारंगखेड्याच्या यात्रेत तमाशाच्या तंबूचे तिकीट काढणाऱ्याला आपण इतिहास विचारत नाही. खरे आहे. पण त्या तंबूत दोन पैसे जास्त देऊन पुढे बसणारा आणि मागे उभा राहणारा एकाच फडाला टाळ्या देतात. तिकीट कोणालाही मिळते. ओल्ड कोर्सही त्या तंबूसारखाच आहे, तिकीट महाग एवढेच. मी विरोध करतो आहे तो तिकिटालाच दार नसलेल्या जागांना. तिसरे असे म्हणतात की या क्लबांमुळेच खेळणाऱ्यांच्या बॅगा उचलणाऱ्या कॅडींना रोजगार मिळतो, आणि त्यातून खेळाडूही घडतात. दिल्लीच्या कॅडी कुटुंबातल्या अली शेरने 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकली, हे खरेच अभिमानाचे आहे. पण त्याच्यासारखे दुसऱ्याची बॅग उचलता उचलता कुंपणाच्या आत शिरले. त्यांना आत आणायला कोणाच्या फीचे दार उघडले नव्हते.

खान्देशाला सर्वांत जवळचे, गोल्फचे नाव लागलेले मैदान नाशिकला आहे. 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद थिएटरात अनंत कान्हेऱ्यांनी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या, आणि 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात ते फासावर गेले. साहेबांच्या खेळाचे नाव लागलेल्या या मैदानाला पुढे त्याच हुतात्म्याचे नाव मिळाले. आज तिथे रणजी सामने होतात आणि पहाटेपासून फेऱ्या मारणाऱ्यांची गर्दी असते. गोल्फ तिथे कोणी खेळत नाही. रिक्षावाल्याला मात्र अजूनही ‘गोल्फ क्लब’ असेच सांगावे लागते.