कोरड्या शब्दाची ओली शर्यत

पेरूमध्ये 'जंगल अल्ट्रा' नावाची शर्यत होते. अँडीजच्या उतारावरच्या ढगाळ रानात ती सुरू होते आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यात संपते. पाच टप्पे, सुमारे 230 किलोमीटर. शिधा आणि झोपायची झोळी ज्याची त्याच्या पाठीवर. ओढे-नद्या ओलांडून बूट दिवसभर ओले. संध्याकाळी मोजे काढावेत तर तळवे पांढरेफटक, सुरकुतलेले. रात्रभर टांगलेला सदरा सकाळी तसाच दमट हाती येतो.

अशा चिंब मुलखाला जंगल म्हटलेलं चरकाला मुळीच रुचलं नसतं. आयुर्वेदात भूमीचे प्रकार तीन: जांगल, आनूप आणि साधारण. पाणी कमी, ऊन-वारा भरपूर, खैर-शमी-बोरीची झाडं आणि हरणांचा वावर, ती जांगल. पाणथळ, दाट झाडीची, नारळी-केळींची ती आनूप. मनुस्मृती राजाला जांगल देशी राहायला सांगते, ते काही त्याला वनवासाला धाडण्यासाठी नव्हे! महाभारतातलं कुरुजांगलही याच कुळातलं. या हिशेबाने ॲमेझॉन म्हणजे अस्सल आनूप.

पुढे देशी भाषांत जंगल म्हणजे न कसलेली, पडीक जमीन झाली. पडीक जमिनीवर झाडोरा माजतोच. इंग्रजांनी शब्द उचलला तो या वळणावर. 1776 मध्ये हॅलहेडच्या हिंदू कायद्याच्या ग्रंथात तो इंग्रजीत दिसतो. 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशाने नेमकं टिपलंय की इंग्रजांच्या तोंडी पडीकपणा मागे पडला आणि झाडी तेवढी उरली. मग जिथे दमट, निबिड अरण्य दिसेल तिथे हा शब्द चिकटत गेला, पार ॲमेझॉनपर्यंत. आपल्या 'रान'ने मात्र उलटी वाट धरली. मूळ अरण्य, पण 'बाबा रानात गेलेत' म्हणजे ते शेतावर असतात.

अशा शर्यतीला वर्तमानपत्रं 'बहुदिवसीय अल्ट्रा मॅरेथॉन' म्हणतात. शब्द वाचतानाच धाप लागते. आपल्याकडे 'मजल' आहे की! अरबी 'मंझिल' म्हणजे उतरायची जागा, मुक्काम. त्यावरून एका दिवसाची वाटचाल. इमारतीचा मजलाही त्यातलाच. 'मजल दरमजल करीत' फौजा जात, त्यात चालण्याइतकंच थांबणंही मोजलेलं असे. या शर्यतीतही तसंच: कितीही दम उरला असला तरी त्या दिवसाच्या तळापुढे जायचं नाही.

राहता राहिलं धावणं. धातुपाठात 'धाव्'चे अर्थ दोन दिलेत, गती आणि शुद्धी. दोर धरून कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे सरकणारा गडी गतीच्या खात्यात फारसं काही जमा करत नाही. दुसऱ्या अर्थाने मात्र तो खुशाल धावतो आहे असं म्हणावं.